सिट्रोएन डीएस : स्वतःचं इंजिन न मिळालेली गाडी

घाटवळण

फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीच्या डीएसची गोष्ट नेहमी ऑक्टोबर १९५५ पासून सांगतात. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली, पहिल्या पंधरा मिनिटांत ७४३ जणांनी ती नोंदवली आणि दिवस संपेपर्यंत आकडा १२,००० वर गेला. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातला एक भाग मला कायम सलतो. लोक ज्या बोनेटभोवती गर्दी करून उभे होते, त्याच्याखाली जुनं इंजिन होतं. १९११ सीसीचं, चार सिलिंडरचं, मूळ रचना १९३४ ची. वरचं हेड तेवढं ॲल्युमिनियमचं, नव्याने केलेलं. ज्या इंजिनासाठी ही गाडी आखली ते तिला मिळालंच नाही.

गेली काही वर्षं मी या गाडीबद्दल मिळेल ते वाचतोय. माझं मत असं झालंय की डीएस कळायची असेल तर तो पहिला दिवस बाजूला ठेवून त्याआधीची सतरा आणि नंतरची वीस वर्षं बघायला हवीत. म्हणून हा धागा.

१९३८ मध्ये सिट्रोएनमध्ये ‘व्हीजीडी’ या नावाने काम सुरू झालं. फ्रेंच अक्षरांचा अर्थ साधारण ‘मोठ्या खपाची गाडी’ असा. आधीची गाडी त्राक्सियों आव्हां, तिच्या खर्चात कंपनी दिवाळखोरीत गेली होती, संस्थापक आंद्रे सिट्रोएन १९३५ मध्ये वारले होते, मालकी टायरवाल्या मिशलँकडे गेली होती आणि कारभार पिएर-ज्यूल बुलांजे यांच्या हाती आला होता. मग युद्ध आलं. पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना नव्या गाड्यांचं काम गुपचूप चालायचं. युद्धानंतरचे नमुने इतके थोराड दिसत की कारखान्यात त्यांना ‘पाणघोडा’ म्हणत. नोव्हेंबर १९५० मध्ये बुलांजे त्राक्सियों चालवताना अपघातात गेले. गाडी बाजारात यायला अजून पाच वर्षं होती.

घडवणाऱ्यांत तीन नावं मोठी. आंद्रे लफेव्र विमानविद्या शिकलेले. वजन पुढच्या चाकांवर हवं, आणि पुढची चाकं लांब-लांब, मागची जवळ-जवळ हवीत, हा आग्रह त्यांचा. डीएसच्या पुढच्या चाकांमधलं अंतर १.५ मीटर आहे, मागच्यांमधलं १.३. गाडी वरून पाहिली तर थेंबासारखी निमुळती होत जाते, ती उगाच नाही. फ्लामिनिओ बेर्तोनी मूळचे इटलीचे, शिल्पकार. त्राक्सियों आणि कंपनीची छोटी गाडी टूसीव्ही यांचे आकारही त्यांच्याच हातचे.

तिसरे पॉल माजेस. माझं मन सगळ्यात जास्त यांच्यात अडकतं. १९२५ मध्ये, सतराव्या वर्षी ते सिट्रोएनमध्ये चिकटले. अभियांत्रिकीची पदवी नाही, जे काही शिकले ते काम करता करता. आधी ब्रेकवर काम केलं आणि युद्धाच्या काळात सस्पेन्शनच्या प्रश्नाला हात घातला. प्रश्न आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. कोणतीही स्प्रिंग किंवा पाटा एका ठरावीक वजनाला नीट बसतो. गाडीत एकटा माणूस असला तर ती उडते, पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की मागून बसते.

माजेस यांनी स्प्रिंगच काढून टाकली. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने घट्ट बंद करून दांडा दाबून बघा, हवा कशी परत ढकलते. तसा दाबलेला नायट्रोजन एका लोखंडी गोळ्यात भरायचा, मध्ये रबरी पडदा, पडद्याच्या दुसऱ्या बाजूला द्रव. चाक वर आलं की दट्ट्या द्रवाला ढकलतो, द्रव पडद्याला, पडदा वायूला. गोळ्याच्या तोंडाशी बारीक झडपा असतात, त्या शॉकअपचं काम करतात. आणि खरी करामत पुढे आहे : गाडीत वजन वाढलं आणि ती खाली बसू लागली की एक झडप उघडते, पंप आणखी द्रव पाठवतो आणि गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते. वजन वाढल्याने वायू जास्त दाबला गेलेला असतो, म्हणजे ‘स्प्रिंग’ आपोआप कडक झालेली असते. एकटा माणूस असो की पाच, गाडीचा हेलकावा जवळपास तसाच राहतो.

१९५४ मध्ये ही यंत्रणा त्राक्सियोंच्या सहा सिलिंडरी गाडीत, फक्त मागच्या चाकांना लावून विकायला काढली. रस्त्यावरची तालीमच म्हणा. वर्षभराने डीएसमध्ये त्याच दाबाच्या द्रवावर चारही चाकं, स्टिअरिंग, ब्रेक, क्लच आणि गिअर बदलणं सगळं आलं. क्लचचं पेडल नाही, ब्रेकच्या जागी जमिनीतून वर आलेलं एक रबरी बटण. पुढे डिस्क ब्रेक, आणि तेही चाकात न बसवता आत गिअरबॉक्सच्या बाजूला.

आता इंजिन. हवेने थंड होणारं, आडव्या सिलिंडरचं सहा सिलिंडरी इंजिन ठरलं होतं. टूसीव्हीचं दोन सिलिंडरी इंजिन करणाऱ्या वॉल्टर बेक्किया यांच्याकडे ते काम होतं. ते जड झालं, तापू लागलं, ताकद पुरेना. वेळ उरली नव्हती, पैसाही नव्हता. म्हणून त्राक्सियोंचं उभं इंजिन सुधारून ७५ अश्वशक्तीपर्यंत आणलं आणि पुढच्या चाकांच्या मागे बसवलं. ते लांब पडलं, त्यामुळे त्याचा मागचा भाग पुढच्या दोघांच्या पायांमध्ये घुसला. पुढे नाकात जी जागा मोकळी राहिली तिथे स्टेपनी ठेवली.

बारा हजार लोकांनी नोंदवलेली गाडी ती ही. सुरुवातीच्या गाड्यांना गळती लागली, आणि डीलरकडच्या मिस्त्र्यांना ही यंत्रणा उघडायची कशी तेच ठाऊक नव्हतं. कंपनीने मग जे केलं ते मला त्या प्रदर्शनातल्या दिवसापेक्षा मोठं वाटतं. १९५७ पासून त्याच सांगाड्यावर ‘आयडी १९’ विकायला आली. सस्पेन्शन तेच, पण गिअर हाताने टाकायचा, क्लचला पेडल, स्टिअरिंग साधं, ब्रेक साधे, ताकद ६६ अश्वशक्ती, किंमत कमी. गावच्या डॉक्टरला आणि फिरत्या विक्रेत्याला ती परवडली, आणि गावच्या मिस्त्र्याला ती समजली. पुढे विक्रीचा मोठा भार आयडीनेच उचलला.

१९५५ नंतरचं अजून बरंच आहे. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

रोनकाठची

वा! मी ल्योंमध्ये असते, नदीपासून दोन गल्ल्या आत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे डीएस आहे, फिकट करड्या रंगाची. रविवारी सकाळी ते ती सुरू करतात तेव्हा माझी मुलगी खिडकीत जाऊन उभी राहते. आधी गाडी जमिनीला पोट टेकवून बसलेली असते, मग हळूहळू उठते. मुलगी म्हणते, “आई, म्हैस उठली.” गोठ्यातली म्हैस तिने आजोळी साताऱ्याला पाहिलीय.

नावाबद्दल एक. फ्रेंचमध्ये डी-एस ही अक्षरं म्हणताना ‘देएस’ असा उच्चार होतो, आणि देएस म्हणजे देवी. आयडीचा उच्चार ‘ईदे’, म्हणजे कल्पना. इथे जुनी माणसं अजूनही या गाडीला ‘ला देएस’ म्हणतात.

टर्नर_गल्ली

लेख आवडला, पण शीर्षक मला मान्य नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये आलेल्या डीएस २१ चं २१७५ सीसीचं इंजिन जुन्याची डागडुजी नव्हती. जुन्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे दट्ट्यांनी फिरणारा दांडा, तीन बेअरिंगवर फिरायचा, नव्याचा पाच. बोअर (सिलिंडरची रुंदी) मोठा, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) कमी. बरोबरच १९८५ सीसीचं धाकटं भावंडही आलं. हे गाडीचं स्वतःचंच इंजिन म्हणायला हवं. दहा वर्षांनी मिळालं, पण मिळालं.

घाटवळण

टर्नर_गल्ली, मुद्दा रास्त आहे. ‘ठरलेलं इंजिन न मिळालेली’ असं म्हणायला हवं होतं. १९६५ चं इंजिन खरंच नवं होतं आणि गाडी त्याने बदलली. त्याच सुमाराला मिशलँचे नवे टायरही आले. टायरवाला मालक असल्याचा डीएसला पहिल्यापासून फायदा झाला, रेडियल टायर तिला जन्मापासून होते.

तरी माझा सल पूर्ण जात नाही. इंजिन नवं आलं, पण चारच सिलिंडरचं, उभं, आणि त्याच जुन्या जागी. समोरासमोर बसवलेले सहा सिलिंडर खाली, आडवे, पुढे बसणार म्हणून बोनेट सपाट. ती मूळ मांडणी कधीच झाली नाही. माजेस यांच्या सस्पेन्शनवर तरंगणाऱ्या गाडीत चार सिलिंडरची घरघर वीस वर्षं ऐकू येत राहिली. सिट्रोएनच्या मोठ्या गाडीला सहा सिलिंडर पुन्हा १९७० मध्ये मिळाले ते ‘एसएम’ला, आणि ते इंजिन इटलीच्या माझेरातीचं होतं.

पण बाकीचं किती सुधारत नेलं! १९६४ मध्ये ‘पालास’ हा श्रीमंती साज आला. १९६९ मध्ये बॉशचं इंधनाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन. १९७० मध्ये पाच गिअर. १९७२ मध्ये डीएस २३, २३४७ सीसी, इंजेक्शनवाली १३० अश्वशक्तीची आणि ताशी १८८ किमी पळणारी. पहिली डीएस १४० च्या आसपास जायची.

निवृत्त_फिटर

नमस्कार. मी नव्वदच्या दशकात कल्याणला प्रीमियरच्या कारखान्यात होतो, तिथे पर्जो ३०९ जोडली जायची. फ्रेंच गाडीची सवय हाताला तिथे लागली. प्रत्येक गोष्ट वेगळ्या जागी, पण एकदा डोक्यात बसली की हात आपोआप तिथे जातो.

मला या द्रवाबद्दल विचारायचंय. आपल्याकडे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, मग आतून गंज धरतो, सील फुगतात. ते फक्त ब्रेकपुरतं असून इतका त्रास देतं. इथे तर अख्खी गाडीच त्यावर उभी. मग ती टिकली कशी?

घाटवळण

काका, नेमकं दुखणं सांगितलंत. पहिली अकरा वर्षं असंच चाललं. सुरुवातीचे द्रव ब्रेक ऑइलच्याच जातीचे, आणि पुढे जो लाल द्रव आला तोही ओलावा ओढणारा. गाडी उभी राहिली की आतले भाग गंजायचे. इथले दट्ट्ये आणि झडपा इतक्या बारीक मापात घासलेल्या की काही ठिकाणी सीलच नाही, धातूवर धातू. तिथे गंजाचा एक कण पुरतो.

सप्टेंबर १९६६ मध्ये हिरवा द्रव आला, खनिज तेलाचा. तो ओलावा धरत नाही आणि आतल्या भागांना वंगणही देतो. पण दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. लाल गाडीत हिरवा किंवा हिरव्या गाडीत लाल ओतला की सील खलास. म्हणून हिरव्या द्रवाच्या गाड्यांमधले भागही हिरव्याच रंगाने रंगवले, मिस्त्र्याची चूक होऊ नये म्हणून. अमेरिकेत तिथल्या नियमांमुळे हा बदल आणखी उशिरा, १९६९ मध्ये पोचला.

माझ्या मते डीएसच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची तारीख हीच. दिसायला काहीच बदललं नाही, पण गाडी भरवशाची झाली.

निवृत्त_फिटर

आता उलगडलं. भागाला रंग देऊन ठेवणं ही फार शहाणपणाची गोष्ट. कारखान्यात काम केलेला माणूसच असा विचार करतो.

रोनकाठची ताई, त्या आजोबांच्या गाडीत लाल आहे की हिरवं, बघून सांगाल का?

मंदार_७९

सस्पेन्शनवर इतकं लिहिलंत, पण स्टिअरिंगबरोबर वळणारे हेडलाइट राहिलेच. तेही याच द्रवावर चालायचे ना?

टर्नर_गल्ली

नाही मंदार, हा समज सगळीकडे आहे. डीएसचे आतले दिवे स्टिअरिंगला तारेने जोडलेले होते, साध्या केबलने. बाहेरचे दोन दिवे गाडीच्या चढउताराप्रमाणे आपली पातळी सांभाळायचे, तेही केबलनेच. सप्टेंबर १९६७ मध्ये रोबेर ओप्रों यांनी नाक नव्याने आखलं, चारही दिवे काचेआड नेले, तेव्हाचं हे काम. बेर्तोनी १९६४ मध्ये वारले होते. दुसऱ्याच्या शिल्पाला हात लावायचा आणि ते बिघडू द्यायचं नाही, हे ओप्रों यांनी साधलं. घाटातल्या वळणावर, वळायच्या आधी रस्ता उजळतो, ते ज्याने पाहिलं त्याला त्याची किंमत कळते. अमेरिकेत मात्र काचेआडच्या आणि वळणाऱ्या दिव्यांना परवानगी नव्हती, तिथे उघडे, स्थिर दिवे लावून गाडी विकावी लागली.

कोकणवेडी

मला गाड्यांमधलं फार कळत नाही, पण फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्यावर हल्ला झाला तेव्हा ते याच गाडीत होते असं ऐकलं होतं. ते खरं का?

रोनकाठची

खरं आहे. २२ ऑगस्ट १९६२, पॅरिसबाहेर पती-क्लामारला. गाडी चिलखती नव्हती, साधी डीएस १९. गोळ्यांनी टायर फुटले तरी चालकाने वेग सोडला नाही आणि राष्ट्राध्यक्ष व त्यांच्या पत्नी दोघं सुखरूप बाहेर पडले. टायर फुटूनही गाडी सरळ राहिली याचं श्रेय इथे सगळे सस्पेन्शनला देतात. चालकाला त्याहून जास्त द्यावं असं मला वाटतं.

घाटवळण

दोघांनाही देऊ. मागचं एक चाक काढूनही डीएस तीन चाकांवर चालवता येते. पुढे जास्त वजन आणि पुढचीच चाकं ओढणारी, हे लफेव्र यांचं गणित तिथे कामाला येतं.

बंदरवाला

या गाडीचा मुंबईशी एक धागा आहे, तो कोणी सांगितला नाही म्हणून लिहितो. १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन, मोटारींची शर्यत. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, दिल्ली करत मुंबईला आल्या आणि इथून ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला गेल्या. सत्तरएक गाड्या जहाजावर चढल्या. माझे वडील तेव्हा गोदीत कामाला होते. ते सांगायचे की एवढा प्रवास करून आलेल्या गाड्या बघायला झुंबड उडाली होती, आणि एक लांब नाकाची गाडी इतरांपेक्षा वेगळीच दिसत होती. ती कोणती हे त्यांना कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मी मोठेपणी फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, “हीच.”

सिट्रोएनतर्फे लुसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए डीएस २१ घेऊन उतरले होते. ऑस्ट्रेलियाच्या खडतर टप्प्यात बाकीचे मागे पडत गेले आणि ही गाडी पहिली आली. सिडनी दीडशे किलोमीटरवर असताना, नाऊराजवळ, समोरून आलेल्या मिनी गाडीवर ती आदळली. बियांकी जबर जखमी झाले. मागून येणारे स्पर्धक पॅडी हॉपकर्क स्वतःची शर्यत थांबवून मदतीला धावले. जिंकली ती अँड्र्यू कॉवन यांची हिलमन हंटर. तीन महिन्यांनी, मार्च १९६९ मध्ये, ल मांच्या शर्यतीचा सराव करताना बियांकी गेले.

वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

घाटवळण

बंदरवाला, हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. काबूल ते मुंबई त्या रस्त्यांवर ती सस्पेन्शन काय सोसून आली असेल!

कोकणवेडी

रस्त्यांवरून आठवलं. आता भारतात सिट्रोएनच्या गाड्या मिळतात. त्यात हेच आहे का? आमच्या गावच्या रस्त्याला त्याची फार गरज आहे.

टर्नर_गल्ली

हेच नाही. २०२१ मध्ये इथे आलेल्या सी ५ एअरक्रॉसमध्ये साध्या स्प्रिंग आणि शॉकअप आहेत. शॉकअपच्या दोन्ही टोकांना द्रवाचे छोटे थांबे दिलेत. मोठा खड्डा आला की शेवटचा दणका ते पितात. खड्ड्यात आरामदायक आहे, पण वजन टाकल्यावर गाडी स्वतःहून उंची सावरत नाही. गोळ्यांची यंत्रणा डीएसनंतर जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम असं करत सी ५ पर्यंत (एअरक्रॉस नव्हे, ती वेगळी गाडी) आली आणि २०१७ मध्ये तिथेच थांबली. रोल्स-रॉइसनेसुद्धा १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडून याचा परवाना घेतला होता.

मंदार_७९

आणि डीएस बंद का झाली? इतकी सुधारत नेली होती तर.

घाटवळण

सुधारत नेली तरी बनवायला ती महागच राहिली. कंपनीचा पैसा एसएम, माझेराती, दट्ट्याऐवजी फिरत्या भागाचं वँकेल इंजिन अशा अनेक दिशांना गेला होता, त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. १९७४ मध्ये सिट्रोएन कोसळायच्या बेतात होती आणि पर्जोने हात दिला. त्याच वर्षी सीएक्स आली, ओप्रों यांचीच. शेवटची डीएस २४ एप्रिल १९७५ ची, निळी डीएस २३ पालास. एकूण १४,५५,७४६ गाड्या. त्यातल्या बहुतेक पॅरिसमध्ये सेन नदीकाठी जाव्हेलच्या कारखान्यात झाल्या. आता तिथे आंद्रे सिट्रोएन यांच्या नावाची बाग आहे.

एक मात्र सीएक्सलाही साधलं नाही. तिच्यासाठी वँकेल इंजिन मनात होतं, तेही आलं नाही. तिनेही सुरुवात डीएसच्या चार सिलिंडरी इंजिनावरच केली.

रोनकाठची

निवृत्त_फिटर काका, आज आजोबांना विचारलं. त्यांनी बोनेट उघडून टाकीतली पट्टी बाहेर काढून दाखवली. हिरवं आहे. गाडी १९७१ ची.

मग म्हणाले, आलीच आहेस तर चाक कसं काढतात तेही बघ. दाराजवळचा दांडा ओढून गाडी पूर्ण वर घेतली, कडेला खाली एक टेकू लावला आणि दांडा उलटा ढकलला. गाडी टेकूवर बसली आणि त्या बाजूची दोन्ही चाकं स्वतःहून जमिनीवरून वर उचलली गेली. जॅक फिरवायलाच लागला नाही. मागचं मडगार्ड एका बोल्टवर असतं, तो काढला की अख्खं मडगार्ड हातात येतं. आजोबा ८१ वर्षांचे आहेत आणि हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. मुलीने मडगार्ड धरलं होतं, ते परत द्यायला ती तयार नव्हती.